चाव्या आमच्या साडूंकडे

घोडपदेवच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहून ज्याने शेकड्यांनी ड्रॅगन लोळवले, आणि त्यातल्या एकालाही श्रावणात हात लावला नाही, असा वीर या पृथ्वीतलावर एकच आहे आणि तो माझा थोरला साडू आहे. साडू हे नातं आपल्याकडे कोणी फारसं मनावर घेत नाही. सख्ख्या बहिणी बोलत बसल्या की त्यांच्या नवऱ्यांनी एकमेकांच्या नोकरीची आणि छताच्या पंख्याची चौकशी करावी, एवढंच त्याचं कार्यक्षेत्र. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा तेच झालं. मी फणसवाडीत वाढलेला, बँकेत चिकटलेला. ते मूळ मालवणकडचे, गोदीत स्टोअर सांभाळणारे. बँक बोलून झाली, गोदी बोलून झाली, पंखाही बोलून झाला. मग त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्याकडे मान वळवून बांगडे तळून व्हायला किती अवकाश आहे याचा अंदाज घेतला आणि हळूच म्हणाले, "साडूभाऊ, चला, जरा खाली जाऊन येऊ. तुम्हांला माझं घर दाखवतो." मी विचारलं, "मग हे कोणाचं?" ते म्हणाले, "हे चाळमालकाचं."

खाली म्हणजे नाक्यावरच्या सायबर कॅफेत. कोपऱ्यातल्या संगणकापुढे साडूंनी चपला काढल्या, खुर्चीत मांडी घातली आणि पडद्यावर एक डोंगर, एक नदी आणि नदीकाठी एक घर उगवलं. "कौलारू आहे, बघितलंत? पुढे अंगण पण आहे." तो इंटरनेटवरचा खेळ होता. जगभरातली माणसं त्यात योद्धे, मांत्रिक, तिरंदाज होऊन एका काल्पनिक राज्यात राहायची, लढायची, घरं बांधायची. साडू त्यात सहा फुटी, सोनेरी केसांचे, शिंगवाल्या शिरस्त्राणाचे योद्धे होते. प्रत्यक्षात ते पाच फूट तीन इंच, आणि केसांबद्दल ताईंसमोर, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीसमोर, बोललेलं त्यांना खपत नसे. आम्ही वर परतलो तोवर बांगडे गार झाले होते आणि मी मांत्रिक झालो होतो. ताई बायकोला म्हणाल्या, "घ्या! तुझाही गेला कामातून."

पुढची कितीतरी वर्षं आमचा रविवार त्या राज्यात गेला. साडूंचा एक नियम होता. घरात ते मला अहो-जाहो करत, ताटाशी पहिला घास मी घेईपर्यंत थांबत. पण एकदा का खेळात शिरले की मी त्यांचा साडू उरत नसे. "मेल्या, मागे हो, मरशील!" असं ते इंग्रजी अक्षरांत टाइप करत, आणि तेही शेजारच्याच खुर्चीवर बसून. मी म्हटलं, नुसतं बोललात तरी ऐकू येईल. तर म्हणाले, "इथून बोललो तर तुम्हांला अरे-तुरे होईल. बरं दिसतं का ते?"

आमच्या टोळीत आणखी काही मंडळी होती. मनिलाची एक नर्स तिरंदाज होती, ब्राझीलचा एक बेकरीवाला परशू चालवायचा, आणि अधूनमधून येणारे दोघे-चौघे होते. या सगळ्यांना साडूंनी हौसेहौसेने चाळकरी करून सोडलं. ऐसपैस राज्य पडलं होतं, कोणी टेकडीवर घर बांधावं, कोणी समुद्रकाठी. पण साडूंनी सगळ्यांना एका रांगेत, भिंतीला भिंत लावून घरं बांधायला लावली आणि पुढे सामाईक ओटा काढला. बेकरीवाल्याने विचारलं की एवढी जागा असताना हे दाटीवाटीने का? साडूंनी उत्तर दिलं, "साखर संपली तर टेकडी उतरून येणार काय?" त्या खेळात साखर नव्हती, पण बेकरीवाल्याला ते पटलं.

श्रावण लागला की साडूंचा योद्धा शिकार बंद करी. महिनाभर आमची शूर टोळी रानात पाला आणि कंदमुळं गोळा करत हिंडायची आणि इतर टोळ्यांचे लोक थांबून आमच्याकडे बघायचे. पण खरी गंमत ड्रॅगनच्या गुहेशी. गुहेत शिरण्याआधी साडू गाऱ्हाणं घालत. कोकणात कुठल्याही कामाआधी देवापुढे उभं राहून घालतात ना, अगदी तसं. संपूर्ण राज्यात ऐकू जाईल असं ओरडायची त्या खेळात सोय होती, तिथे ते खड्या मालवणीत लिहायचे: "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां ड्रॅगनाच्या तोंडात जातत. तेंका सांभाळून घे. कोणाची काय इडापिडा आसात ती बारा वाटांनी घेवन जा रे म्हाराजा!" आणि मग मनिलाची नर्स, ब्राझीलचा बेकरीवाला आणि फणसवाडीचा मी, आम्ही सगळे एका सुरात लिहायचो, "व्हय म्हाराजा!" एकदा गडबडीत गाऱ्हाण्याशिवाय आत शिरलो आणि अख्खी टोळी भाजून निघाली. त्यानंतर नर्स स्वतःच आठवण करून द्यायची. ती त्यांना 'काका' म्हणे, आणि तिचं बघून सगळेच म्हणू लागले.

साडूंचा खरा जीव मात्र चाव्यांवर. गोदीत जन्मभर कुलुपं सांभाळल्यामुळे असेल, पण चाळीतलं कोणीही गावी निघालं की चावी त्यांच्याकडे ठेवून जायचं. नुसती ठेवायला नाही. खोली फार दिवस अंधारात राहिली की मालकाचा डोळा तिच्यावर पडतो, ही चाळीतली जुनी धास्ती. म्हणून तिन्हीसांजेला साडू बंद खोल्या उघडून दिवा लावत, नळ सोडून बघत, गॅलरीतून कोणाला तरी मुद्दाम मोठ्याने हाक मारत. वहिवाट दिसली पाहिजे. आणि योगायोग बघा, त्या खेळातही हाच कायदा! मालक आठ-दहा दिवस फिरकला नाही की घराचं आधी छप्पर जाई, मग भिंती, आणि मग तिथे गवत. फक्त दुसऱ्या कोणाकडे चावी असेल आणि त्याने येऊन चूल किंवा दिवा पेटवला, तर घर वापरात आहे असं धरलं जाई. हे कळलं त्या दिवशी साडूंना कोण आनंद झाला! "म्हणजे तिकडचा मालक पण आपल्या मालकासारखाच की हो!" त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्यांकडून एकेक जादा चावी मागून घेतली.

मग जे व्हायचं ते झालं. मला बढती मिळाली, मुलं झाली, आम्ही वरळीला राहायला गेलो. बेकरीवाला दिसेनासा झाला, नर्सच्या पाळ्या बदलल्या, नवे चकचकीत खेळ आले आणि राज्य ओस पडत गेलं. नाक्यावरचा कॅफेही बंद पडला. तो कोपऱ्यातला संगणक साडूंनी उचलून घरी आणला तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "सवत परवडली असती. तिने निदान भांडी तरी घासली असती." मी एकदा साडूंना म्हटलं, अहो, नवे खेळ बघा, चित्रं कशी अगदी खरी वाटतात. ते म्हणाले, "खरं बघायला माझ्याकडे खिडकी आहे." आणि माझ्या देखत त्यांनी त्या जुनाट, चौकोनी डोंगराआड जाणाऱ्या चौकोनी सूर्याला नमस्कार केला.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. परळच्या इस्पितळात दाखल केलं, बायपास करायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी मी भेटायला गेलो तर स्वारी कॉटवर उताणी पडून पंख्याकडे बघत होती. ताई औषधं आणायला गेल्या तसं त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, त्यांच्या मुलीच्या लग्नाचं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "साडूभाऊ, हप्ताभर झाला, तिकडे दिवे नाही लागले. घरं अगदी मुदतीवर आली आहेत. मी इथून कधी उठेन, उठेन की नाही, कोणाला ठाऊक. आणि चाव्या कोणाकडे द्यायच्या तेच समजत नाही." आवाजात भीती होती. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, गुहेच्या तोंडाशीही नाही. मी म्हटलं, लावतो मी. पण त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळाने ताईंनी पर्समधून खोलीची चावी काढून माझ्या हातावर ठेवली. ज्या बाईने वीस वर्षं त्या खेळाच्या नावाने बोटं मोडली ती म्हणाली, "तुम्ही इथे बसून काय करणार आहात? घरी जा आणि त्यांचे ते दिवे लावून या. शुद्धीवर आले की आधी तेच विचारतील. मी काय सांगू त्यांना?"

मी टॅक्सीने घोडपदेव गाठलं. चपला काढल्या, संगणक सुरू केला आणि साडूंचा सोनेरी योद्धा होऊन त्या राज्यात पुन्हा पाऊल ठेवलं. बाजार रिकामा होता. खेळाने बनवलेला लोहार ऐरणीशी उभा राहून गिऱ्हाईक नसतानाही तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. जिथे गर्दीने रस्ता मिळायचा नाही तिथे गवत माजलं होतं, मोठमोठ्या टोळ्यांचे वाडे नाहीसे झाले होते. मी नदीकाठी वळलो आणि थांबलो. आमची रांग जशीच्या तशी उभी होती. भिंतीला भिंत, पुढे ओटा, एक कौल हललेलं नाही. माझ्या घराच्या दाराला तोरण होतं. त्या खेळात फुलं सुकतात, आणि ही जेमतेम सुकली होती. आत माझ्या मांत्रिकाची टोपी मी टांगली होती त्याच खुंटीला होती. मी इतकी वर्षं फिरकलो नव्हतो आणि माझ्या घरात रोज दिवा लागत होता. घोडपदेवच्या त्या खुर्चीत बसून मला रडू आलं, हे सांगायला लाज कसली?

जुडगा काढून मी एकेक दार उघडत गेलो. बेकरीवाल्याकडे दिवा लावला, माझ्याकडे लावला, शेवटी नर्सच्या घरात लावला. मग ओट्यावर उभा राहिलो. तिकडे परळला ऑपरेशन चाललं असेल, आणि दुसरं काही सुचेना म्हणून मी संपूर्ण राज्याला ऐकू जाईल असं गाऱ्हाणं घातलं. माझी मालवणी सासुरवाडीपुरती. "बा देवा म्हाराजा, तुझां एक लेकरू आज परळाक टेबलावर आसा. तेका सांभाळून घे. तेच्या छातीतली काय इडापिडा आसात ती बारा वाटांनी घेवन जा रे म्हाराजा!"

काहीच झालं नाही. नदी वाहत होती. मी संगणक बंद करायला हात पुढे केला आणि पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटली, "व्हय म्हाराजा!"

ती मनिलाची नर्स होती. सुट्टी होती म्हणून आपलं घर पडलं की काय ते बघायला सहज आली होती आणि धीर होईना म्हणून दूरच्या बंदरावरच रेंगाळली होती. "काका! अजून आहात?" तिने इंग्रजीत विचारलं. मी लिहिलं, मी काका नाही, काका टेबलावर आहेत, मी त्यांचा... आणि अडलो. साडूला इंग्रजीत काय म्हणायचं? शेवटी बायकोच्या बहिणीचा नवरा अशी लांबण लावली. तिने लगेच लिहिलं, "म्हणजे बिलास. आमच्याकडे त्याला शब्द आहे." मग ती धावत आली, ओट्यावर बसली आणि पाळीवरच्या नर्सच्या सुरात विचारू लागली. किती वाजता आत नेलं? वय काय? साखर आहे का? सगळं ऐकून म्हणाली, "वेळ लागतोच. मी थांबते." आम्ही दोघं ओट्यावर बसून राहिलो. बायकोचा फोन आला, सगळं नीट झालं, तेव्हा मी ते लिहिलं आणि तिने टाळ्या वाजवल्या. मग बाजारात जायचं आहे म्हणाली, घराला कुलूप लावलं आणि चावी काकांकडेच राहू दे म्हणून निघून गेली.

साडूंना वॉर्डात आणल्यावर मी भेटलो. दाढी वाढलेली, आवाज खोल गेलेला. "दिवे?" "लावले." "सगळ्यांकडे?" "सगळ्यांकडे." मग मी नर्सची हकीकत सांगितली. ते डोळे मिटून ऐकत होते. मग एकदम डोळे उघडून, भर वॉर्डात, ताईंच्या देखत म्हणाले, "आणि तशीच पाठवलंस तिला? चाय नाय विचारलंस काय रे, मेल्या?"

आता ते घरी आहेत. डॉक्टरांनी अर्धाच तास बसायला परवानगी दिली आहे आणि ताई घड्याळ घेऊन मागे उभ्या असतात. रविवारी मी माझा लॅपटॉप घेऊन घोडपदेवला जातो. परवा त्यांनी सगळ्या चाव्यांची एकेक जोड माझ्या मांत्रिकाला दिली. "असू द्या तुमच्याकडे," म्हणाले, पुन्हा अहो-जाहोवर येऊन. बाहेर तिन्हीसांज झाली होती. मी रांगेच्या एका टोकाकडून दिवे लावत निघालो, ते दुसऱ्या टोकाकडून, आणि नर्सच्या दारात आमची गाठ पडली. मी चावी पुढे केली, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून टकटक झाली आणि पडद्यावर अक्षरं आली.

"बाजूक हो, मेल्या. ह्यो मी लावतंय."