इशिदाचा भात

जपानातल्या त्सुकुबाची नवी रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीपायी आम्ही तिथं राहायला आलो. शेजारी ओकाबे-सान; ‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’. पंचाऐंशीला टेकलेले, तरी भाजी सायकलवरून आणायचे. मदत करू का विचारलं, की तोंडावर ‘नको’ म्हणायचे. मला असली खडूस माणसं आवडतात.

महायुद्धात ते फिलिपिन्सच्या जंगलात लढत होते. एके दिवशी शत्रूच्या विमानातून पत्रकं पडली. लढाई संपली आहे, बाहेर या, जेवण तयार आहे. खाली भाताच्या वाडग्याचं चित्र आणि भातात उभ्या खोचलेल्या चॉपस्टिक्स. जपानात अशा उभ्या खोचतात त्या फक्त मेलेल्या माणसाच्या भातात. आपल्याकडे पिंड दाखवून जेवायला बोलवावं, तसंच ते. ‘हे मरायला बोलावताहेत,’ म्हणत ओकाबेंनी पत्रक फाडलं आणि बाहेर निघालेल्या सोबत्याला, इशिदाला, हात धरून मागं ओढलं.

पत्रक खरं होतं. बाहेर औषध होतं. तापानं फणफणलेला इशिदा जंगलातच दगावला.

चॉपस्टिक्सपर्यंतची गोष्ट सगळ्या वस्तीला पाठ होती. तिथं लोक पोट धरून हसायचे आणि इशिदाचं नाव यायच्या आत विषय बदलायचे. माझ्या मुलीच्या, नैनाच्या शाळेनं ओकाबे-सानना गोष्ट सांगायला बोलावलं, तेव्हा वर्गाच्या बाईंनीही बजावलं, “इशिदा-सानचं नको. मुलं घाबरतील.” मी पालक म्हणून वाढायला गेले होते. माझं डोकंच फिरलं. ओकाबे-सान नुसतं “हं” म्हणाले.

मुलं वर्गातच जेवत होती. ओकाबे-सानची गोष्ट चॉपस्टिक्सपाशी आली आणि हशा पिकला. बाईंनी आभार मानायला सुरुवात केली, पण ओकाबे-सान बसले नाहीत. त्यांनी आपला न उष्टावलेला वाडगा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचल्या.

हसणं थांबलं. असं करायचं नसतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

“ओकाबे-सान, मुलं जेवताहेत,” बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या, मी म्हाताऱ्याला बाहेर न्यावं म्हणून. मी सूप वाढत राहिले.

“हा इशिदाचा भात,” ते मुलांना म्हणाले. “तो निघाला होता. मी अडवलं. म्हणून तो मेला. मला हसायचं तर हसा, पण त्याला गाळून नाही.”

नैनानं हात जोडले. बाईंनी वाडगा उचलायला हात पुढं केला.

“राहू द्या,” ओकाबे-सान म्हणाले. “तुमचं सगळ्यांचं जेवण होईपर्यंत तो इथंच बसणार आहे.”

बाईंनी हात मागं घेतला.