हवा न काढलेली गाडी

क्रॉसओव्हर या प्रकारावर माझा कधीच विश्वास नव्हता. उंची एसयूव्हीची, काळीज सेडानचं. मॉलच्या पार्किंगमध्ये रुबाब आणि वाळूत रडारड. दोन दारांची कूपे निदान खरं बोलते. मागची सीट नावापुरती आहे, घरी कोणी वाट बघत नसेल तरच मला घे, असं ती दारातच सांगते. क्रॉसओव्हर खोटं बोलते, आणि तेही पोरंबाळं असलेल्या माणसाशी.

हे मी कतारमध्ये, दोह्याला येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ऐकवायचो. मी स्वतः मेसईदच्या कारखान्यात कंपनीच्या बसने जाणारा फिटर म्हणून आलो. गाड्या शिकलो त्या त्यांच्या पोटाखाली झोपून. फुटबॉल वर्ल्ड कपची कामं निघाली, पुण्या-नाशिकचे इंजिनियर भराभर येऊ लागले, आणि गाडी घ्यायची तर मला सोबत न्यायचं असा रिवाजच पडला. बॉनेट मी उघडायचो, भांडायचोही मीच. तीनदा उठून दाराकडे गेल्याशिवाय मी सौदा ठरू दिला नाही. मोबदला म्हणून एक जेवण.

मग मुशैरिबच्या साइटवरच्या एका पुणेकराने परस्पर शोरूममधून पांढरी क्रॉसओव्हर आणली. त्याला या शहरातलं पहिलं घर मी शोधून दिलं होतं. विचारलं तर चारचौघांत म्हणाला, "अहो, तुम्ही इतकं ओरडता की समोरचा घाबरून गाडी विकायचंच विसरतो." सगळे हसले. मीही हसलो. ते हसू महिनाभर छातीत जळत होतं.

नंतरच्या एका शुक्रवारी आम्ही पाच कुटुंबं मेसईदच्या पुढे, वाळूच्या टेकड्यांपलीकडच्या समुद्राकडे निघालो. सकाळपासून आभाळ पिवळट होतं. डांबरी रस्ता संपतो तिथे सगळे थांबून टायरची हवा निम्म्यावर आणतात. टायर पसरला की वाळूवर चालतो, नाहीतर रुततो. आमच्यात हे काम माझं. हवा मोजायचं गेज घेऊन मी एकेका चाकाशी उकिडवा बसत गेलो. पांढऱ्या गाडीपाशी आलो आणि न थांबता पुढे गेलो.

"भाऊजी, आमची राहिली की!" त्याची बायको खिडकीतून म्हणाली. मागे दोन मुली चिवड्याच्या डब्यावरून भांडत होत्या.

"वहिनी, तुमची शोरूमची गाडी. तिला आमच्यासारख्या ओरडणाऱ्याचा हात कशाला?"

"राहू दे गं," तो म्हणाला. "वाळूचं बटण आहे हिला. दाबलं की झालं."

ती गाडी फक्त पुढच्या दोन चाकांवर चालते, बटण काही असो, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "मग यल्ला, चला."

पहिल्याच चढावर ती सगळ्यांसमोर रुतावी, आणि मी पट्टा लावून ओढावी, एवढंच मला हवं होतं.

पुढे मी होतो. आरशात चार गाड्या दिसत होत्या. दुसऱ्या टेकडीनंतर तीन.

वारा सुटला. फोनला रेंज नव्हती. "परत गेला असेल," आम्ही थांबलो तेव्हा मागच्या गाडीतला म्हणाला. पण मला दाखवून दिल्याशिवाय तो परत जाणाऱ्यांतला नव्हता. मी एकटाच गाडी वळवली.

चढ जमला नाही म्हणून त्याने टेकडीला वळसा घालून पाण्याकडचं सपाट मैदान धरलं होतं. वरून पांढरं, टणक. पापडाएवढा पातळ मिठाचा थर आणि खाली चिखल. गाडी पोटापर्यंत बसली होती. भरती लागली होती. पाणी चाकांभोवती आवाज न करता वर येत होतं आणि तो ॲक्सिलरेटर दाबत होता. दर दाबाला गाडी बोटभर खाली जात होती.

"पाय काढ!" मी ओरडलो. "पाय काढ आधी!"

त्या दिवशी माझं ओरडणं त्याने मुकाट्याने ऐकलं.

माझी गाडी तिथवर नेता आली नसती. एक मुलगी त्याने उचलली, एक मी. गुडघ्यापर्यंत चिखलातून वाळूवर आलो. मागे वळून पाहिलं तर धुळीत पांढरी गाडी दिसतच नव्हती. फक्त तिचे दिवे, पाण्याच्या अगदी जवळ.

मुलींना सतरंजीत गुंडाळून मी निघालो. तो काचेबाहेर बघत होता.

"भाऊजी, तुम्हाला माहीत होतं ना?" मागून तिने विचारलं.

"क्रॉसओव्हर वाळूसाठी नसतेच, वहिनी."

"गाडीचं नाही विचारलं मी."

डांबरी रस्ता लागला. इथे सगळे परत हवा भरतात. बाकीचे परत येऊन आमची वाट बघत उभे होते. मुलींकडे, मग वहिनींच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं. मी गेज घेऊन पहिल्या गाडीच्या चाकाशी बसायला गेलो, तर गाडीवाला मध्ये आला.

"राहू द्या," तो म्हणाला. "आमचं आम्ही बघतो."

क्रॉसओव्हरबद्दलचं माझं मत आजही बदललेलं नाही. ते आता कोणी विचारत नाही.