पाणी घालावं न लागणारा कूलर

टॉवेलवरची डिझाइनं मी घरीच कॉम्प्युटरवर काढतो आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यांना देतो. मे महिन्यात आमचं सोलापूर माणसांना भाजून काढतं, तिथं मशिनची काय कथा! दुपारचे दोन वाजले की प्रोसेसर तापायचा आणि सगळं आपोआप बंद पडायचं. शेवटी मी लिक्विड कूलर आणला. प्रोसेसरवर बसवायचा छोटा पंप, पंखे लावलेला रेडिएटर, दोन्हींना जोडणाऱ्या दोन नळ्या आणि आत कायमचं भरून बंद केलेलं पाणी.

माझ्या वडिलांना, आबांना, त्याचं भारी नवल वाटलं. नातेपुत्याकडची मेंढरं विकून ते वर्षापूर्वी आमच्याकडं राहायला आले होते. घरातला खिडकीतला कूलर रोज पाण्यानं भरायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं होतं, आणि त्यात कुणी लुडबुड केलेली त्यांना खपायची नाही.

"ह्यात पाणी कुटनं घालायचं?" त्यांनी विचारलं.

"घालायचंच न्हाय आबा. एकदा भरलंय ते भरलंय."

"आन् आटलं म्हंजे?"

"आटत न्हाय."

"आटत न्हाय आसं पाणी आपल्या मुलखात तर बघितलं न्हाय," म्हणत ते हसले.

दुकानदार कूलर बसवून देतो म्हणत होता, पण मला दीडशहाण्याला धीर कुठला? मी घरीच बसवला. दहा मिनिटांत तापमान नव्वदीच्या पुढं गेलं आणि मशिन बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. डिझाइनं चार दिवसांत द्यायची होती, त्यामुळं डोकं आधीच फिरलेलं. तेवढ्यात टेबलाखाली, खिडकीतला कूलर भरायचा आबांचा तांब्या दिसला.

"घातलंत न्हवं पाणी? नगं म्हटलं हुतं की!"

"न्हाय रं," आबा म्हणाले.

"मग ह्यो तांब्या हितं कसा?"

त्यांनी तांब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. त्या कूलरला पाणी घालायला झाकणच नव्हतं, हे रागाच्या भरात माझ्या ध्यानातही आलं नाही.

पुढचे दोन दिवस आबांनी खिडकीतल्या कूलरला हात लावला नाही. तो माझ्या बायकोनं भरला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आबा गावाला जायचं म्हणतायत. पिशवी भरलीया." गावी आता मेंढरं नव्हती, घराला कुलूप होतं, शेजारी कामाधंद्याला बाहेर पडलेले. तिथं एकटा म्हातारा माणूस काय करणार होता? पण मी आबांकडं न जाता, तिनं पाठ फिरवल्यावर कॉम्प्युटर उघडला.

चार स्क्रू काढून पंप उचलला. त्याच्या बुडाला तांबे धातूची चकचकीत चकती होती आणि तिच्यावर पातळ, पारदर्शक प्लास्टिक तसंच होतं. बसवण्याआधी हे काढा, असं त्यावर लाल अक्षरांत छापलेलं. पण आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढतो कोण? टीव्हीचा रिमोट पाच वर्षं पिशवीत आहे, फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक पिवळं पडलंय. ते काढलं तर वस्तू लगेच जुनी होते, अशी आमची समजूत. मी ते सोललं, प्रोसेसरची उष्णता चकतीला पोचवणारी पेस्ट नव्यानं लावली, पंप पुन्हा बसवला. भर दुपारी तापमान साठीच्या वर जाईना.

मी पायरीवर गेलो. आबांच्या शेजारी पिशवी होती.

"आबा, चूक माझीच हुती. प्लास्टिक काढायचं मी इसरलो. तुमचा काय बी संबंध न्हवता."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्हंजे म्या पाणी घातलं न्हवतं?"

"न्हाय, आबा."

"नक्की न्हवतं न्हवं?" ते म्हणाले. "दोन दिस लई आठवून बघितलं. तू म्हणतुयास म्हंजे घातलंच आसंल, आन् मलाच याद ऱ्हायली न्हाय, आसं वाटलं. अजून काय तरी नासवायच्या आदी आपण गावाकडं गेलेलं बरं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचा हात धरला आणि पुन्हा सांगितलं, तुम्ही पाणी घातलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं त्यांनी मला परत तेच विचारलं.