नीरफणसाची एक बाजू

माझी सगळी नोकरी डिचोलीकडे, खाणीवरच्या ट्रकांच्या गॅरेजमध्ये गेली. मी फिटर. खाणी बंद पडल्या आणि मी कोरगावला घरी येऊन बसलो. हाताला काम नव्हतं, म्हणून बायकोच्या परसात लुडबुड करायला लागलो.

परस तिचंच. आमचं लग्न झालं तेव्हा घरामागे चिऱ्याचा नुसता कातळ होता. तिने टोपल्या टोपल्या माती आणून त्यावर बाग उभी केली. पाच केळी, दोन पपया, मिरचीचे वाफे, दोडक्याचा मांडव, आणि रस्त्याकडच्या कोपऱ्यात नीरफणस, ज्याची कापं तळतात तो. त्याचं रोप तिच्या माहेरच्या झाडाच्या मुळावर फुटलेलं होतं. ओल्या गोणपाटात गुंडाळून, डिचोलीपासून दोन बस बदलत, तिने ते मांडीवर घेऊन आणलं होतं. नऊ वर्षांत ते कौलांच्या वर गेलं.

दोन वर्षांमागची गोष्ट. मे महिना संपत आला होता. मुलगा मुरगावला बंदरात कामाला आहे, त्याचा फोन आला.

"बाबा, इथे धोक्याचा बावटा चढवलाय. परवा दुपारपर्यंत वारा येईल म्हणतात. परसातलं काय ते बघून घ्या."

मला असं काम हवंच होतं. त्याच्या आदल्या वर्षी वाऱ्याने मांडव लोळवला होता आणि बायको दोन दिवस गप्प होती. या वेळी असं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं. गॅरेजमधून आणलेले ट्रकचे दोर माळ्यावर होते, ते काढले. पाचही केळी एकमेकींना बांधून टाकल्या. मांडवाला लोखंडी पाईप लावले, नट-बोल्ट आवळले आणि दोडक्याची फुलं झडू नयेत म्हणून वर ताडपत्री ताणली. दोर असा ओढला की बोटाने वाजवला तर वाजेल.

बायको मागच्या दारात उभी राहून बघत होती.

"ताडपत्री नको," ती म्हणाली. "वाऱ्याक आडवं जाऊ नये. त्याला वाट ठेवायची. आणि केळी एकेक बांधा, टेकू देऊन."

"चाळीस टनी ट्रकचं ओझं बांधलंय या हातांनी," मी म्हणालो. "केळी बांधायला मला शिकवू नको."

ती आत गेली. तिचंही एक चुकलंच. मी दोन्ही पपयांचे शेंडे उडवायचे म्हणत होतो, ते तिने करू दिलं नाही. फळं धरलीत, म्हणाली.

वारा सांगितल्या दिवशीच आला, तीनच्या सुमाराला. आम्ही जनेलाच्या बंद झडपांच्या फटीतून बघत होतो. पहिल्या दहा मिनिटांत ताडपत्रीत वारा भरला. ती फुगली आणि पाईपांसकट सगळा मांडव उचलून तिने शेजारच्या कुंपणावर नेऊन आपटला. माझा एकही नट सैल झाला नव्हता. सैल झाला असता तर मांडव सुटा होऊन निदान परसातच पडला असता. मग कडेची एक केळ कलंडली. ती दोराने दुसरीला घेऊन पडली, दुसरी तिसरीला. पाचही केळी एका ओळीत आडव्या झाल्या. पपया मधोमध मोडून मिरचीच्या वाफ्यावर पडल्या. बायकोने माझ्याकडे बघितलं नाही, मीही तिच्याकडे बघितलं नाही.

सकाळी चिखलात उभा राहून मी सगळ्यांवर चिडलो. हवामानवाल्यांवर, मुलावर, दोरावर. "उपटून टाकूया सगळं," मी म्हणालो. "फरशी घालू. बाजारात भाजी मिळते."

शेजारच्या खोलीत बेळगावकडचं एक गवंडी कुटुंब भाड्याने राहतं. त्यांच्यातली बाई तेवढ्यात कुंपणापाशी आली होती. तिने माझं बोलणं ऐकलं आणि सरळ आत येऊन मिरचीच्या वाफ्यापाशी बसली. पपईचं खोड तिने आणि बायकोने मिळून बाजूला केलं. मग तांब्यातल्या पाण्याने एकेका रोपाच्या पानावरचा चिखल धुवायचा, मुळाशी माती ओढायची, काडीचा आधार द्यायचा, असं त्या दोघी दुपारपर्यंत करत होत्या. निम्मी रोपं उभी राहिली. बायकोने तिला केळीचे कच्चे घड दिले.

नीरफणसाला मात्र काही झालं नव्हतं. पानं फाटली होती, चार बारीक फांद्या गेल्या होत्या, पण झाड उभं होतं. बारकी फळंही बरीचशी टिकली होती. बायको सकाळ-संध्याकाळ त्याच्याखाली जाऊन वर बघून यायची. परसातलं एवढंच आता पूर्वीसारखं होतं.

वीज चार दिवस नव्हती. पंप बंद, फ्रीज बंद, फोन दुसरीकडे जाऊन चार्ज करायचा. चौथ्या दिवशी सकाळी बायको डिचोलीला बहिणीकडे गेली. तिच्या घराचे पत्रे उडाले होते. आणि त्याच दिवशी वीजवाल्यांची टोळी आली.

चार दिवस झोप नसलेली माणसं होती ती, डोळे लाल. त्यांच्यातला वयस्क माणूस म्हणाला, "काका, तुमच्या झाडाची एक फांदी तारेत येते. कापू?"

तार तर नीरफणसावरूनच जायची. मी फार विचार केला नाही. "कापा," म्हणालो. आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेलो.

करवतीच्या मशीनचा आवाज सुरू झाला. थांबला. परत सुरू झाला. आधण उकळत होतं. एका फांदीला एवढा वेळ कशाला लागतो, असं मनात आलं होतं, हे मी नाकारत नाही. पण दूध उतू जाईल म्हणून मी तिथेच उभा राहिलो. कप घेऊन बाहेर आलो तेव्हा झाडाची रस्त्याकडची सगळी बाजू खाली पडलेली होती. खोडावर पांढऱ्या चिकाचे ओघळ. उरलेलं झाड एका खांद्याच्या माणसासारखं दिसत होतं.

"एक फांदी म्हणाला होतात तुम्ही."

"परत वारा आला आणि तार तुटली तर परत आम्हीच यायचं ना, काका?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, नुसता थकवा होता. मी त्यांना चहा दिला. त्यांनी उभ्या उभ्या प्यायला, आणि तासाभरात वीज आली.

मी आत जाऊन पंख्याखाली बसलो. खरं सांगतो, पाव तास मला फार बरं वाटलं.

बायको दुपारच्या बसने आली. तिने रस्त्यावरूनच बघितलं असणार, कारण पिशवी हातातच धरून ती झाडापाशी उभी होती.

"कोणी कापलं?"

"वीजवाल्यांनी."

"तुम्ही खंय होता?"

"चहा करत होतो."

खाली पडलेल्या फांद्यांवरची सुपारीएवढी फळं तिने एकेक करून गोळा केली. ती कशाच्याच उपयोगाची नव्हती. पदरात घेऊन ती आत गेली, आणि नंतर ती फळं मला कुठेच दिसली नाहीत.

वादळात जे गेलं त्याच्याबद्दल ती भांडली असती, तर मी उलट भांडलो असतो. पण तिने केळींचा विषय काढला नाही, ताडपत्रीचा काढला नाही. या एकाच गोष्टीवर ती गप्प झाली, आणि तिच्यात वाऱ्याचा दोषच नव्हता. मीच हो म्हटलं होतं. झाड उरलेल्या बाजूला, खाडीकडे, कलायला लागलं तेव्हा मी मांडवाचा पाईप टेकू म्हणून घेऊन गेलो.

"तो पाईप नको," ती म्हणाली. आठवडाभरातलं तिचं हे पहिलं वाक्य.

मग मी चांगला जाड बांबू आणून लावला. कापलेल्या जागी शेण-मातीचा लेप द्यायला ती शिडीवर चढली, मी शिडी धरली. लेप पावसात धुऊन गेला की परत चढायची. तीनदा चढली.

त्या पावसाळ्यात झाडाने सात फळं दिली. दर वर्षी आम्ही अर्ध्या वाड्याला वाटायचो. तिने रवा लावून कापं तळली आणि माझ्या ताटात नेहमीएवढीच वाढली. चार कमी वाढली असती तर मला बरं वाटलं असतं.

यंदा मे महिन्यात मुलाचा परत तसाच फोन आला. मी दोराला हात लावला नाही. केळीचे नवे कोंब आता मोठे झाले होते, त्यांना तिने सांगितल्याप्रमाणे एकेक टेकू दिला. नव्या मांडवाच्या वेली सुतळी सोडून जमिनीवर उतरवल्या. मग ती नीरफणसापाशी उभी राहिली आणि बराच वेळ वर बघत होती.

"सगळा भार खाडीच्या बाजूला गेलाय," ती म्हणाली. "वारा आला तर मुळापासून जाईल. त्या बाजूच्या तीन फांद्या उतरवा."

"नक्की?"

"सांगते ती कापा. दुसरी नको."

मी हातकरवत घेऊन चढलो. ती खालून बोट दाखवत होती. प्रत्येक फांदीला मी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा तिने उत्तर दिलं. तिन्ही फांद्यांवर फळं होती.

वादळ आलं नाही. समुद्रातूनच वर गुजरातकडे गेलं. आमच्याकडे दुपारी थोडा वारा सुटला आणि संध्याकाळी ऊन पडलं.

"तीन फांद्या फुकट गेल्या," मी म्हणालो.

"गेल्या."

ती पडलेल्या फांद्यांची मोठी पानं तोडून मिरचीच्या वाफ्यात पसरत होती. मी खाली बसलो आणि तिच्याबरोबर पानं तोडायला लागलो. चिकाने हात चिकट झाले. मला राग येत होता, पण तो कोणावर काढावा ते समजत नव्हतं.