एका लिटरात चलथाण

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. जुने नटबोल्ट आणि किस्से. नटबोल्ट आमचे भिला मिस्त्री अधूनमधून भंगारात घालायचे, किस्से मात्र माझ्याकडेच राहिले!

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आमचं गॅरेज सुरतेत, लिंबायतला. मिस्त्री मूळचे अमळनेरकडचे, मी त्यांच्या हाताखाली फिटर. आधी लोक गाडीची हॉर्सपॉवर विचारायचे. मग पेट्रोल महागलं, छोट्या गाड्या आल्या आणि अख्ख्या शहराला एकच वेड लागलं, अ‍ॅव्हरेज! आमच्या गल्लीतल्या एकाला मुलगी बघायला गेल्यावर मुलीच्या मामांनी पगाराच्या आधी विचारलं, "गाडी लिटरले कितली चालस?"

"अठरा."

"मंग पोऱ्या समजदार शे. पोहे लया!"

*

या वेडातून सुटलेला एकच माणूस, रमणिकभाई सेठ. कापडाचे व्यापारी, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांची गाडी विलायती, आठ सिलिंडरची, आमच्या अर्ध्या गॅरेजएवढी लांब. अ‍ॅव्हरेज लिटरला तीन! कुणी विचारलं की सेठ छाती फुगवून सांगायचे, "त्रण!" जणू तीन मुलगे झालेत.

त्यांचा मुलगा मात्र एकच, केतन. त्याच्याकडे नवी छोटी गाडी. बापाची गाडी त्याला भंगारात काढायची होती. पण सेठाणी गेल्यापासून सेठना त्या गाडीत बसलं की बरं वाटायचं. हे त्यांनी मुलाला कधी सांगितलं नाही, आम्हाला सांगितलं. मला त्यांचं फार वाईट वाटायचं.

*

तेवढ्यात गॅसचे किट आले. मिस्त्रींनी पहिला किट एका दलालाच्या गाडीला बसवला. सिलिंडरनं सगळी डिकी खाल्ली. दलाल तशाच गाडीनं सासरी नंदुरबारला लग्नाला गेला. बॅगा ठेवायच्या कुठे? सगळ्या सासूबाईंच्या मांडीवर! शिवाय गॅस मिळायचा फक्त सुरतेकडे, म्हणजे येताना पेट्रोलच.

परत आल्यावर मी विचारलं, "मग गॅसचा फायदा काय झाला?"

"झाला ना! सासूबाई आता सुरतला यायचं नाव काढत नाहीत!"

सेठनी ही हकीकत ऐकली आणि किटला साफ नकार दिला.

*

मिस्त्रींचा सगळा हुनर कानात. बॉनेटला कान लावून ते सांगायचे, कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय. एकदा इच्छापोरच्या कारखान्यातला सुपरवायझर बॅटरीवर चालणारी स्कूटर घेऊन आला. मिस्त्री हँडल धरून वाकले, कान लावला.

"चालू कर."

"चालूच आहे!"

"चालू शे तर आवाज कोठे शे?" म्हणत मिस्त्रींनी अ‍ॅक्सिलरेटर पिळला. स्कूटर गुपचूप निघाली ती त्यांना घेऊन थेट समोरच्या चहावाल्याच्या बाकड्यात! चहावाला ओरडला, "अरे, हॉर्न तो दो!"

मिस्त्री बाकड्याखालून स्कूटरकडे बोट दाखवत म्हणाले, "भो, एन्हामा जीव शे!"

*

अखेर केतननं अट घातली. गाडीत एक लिटर पेट्रोल टाकायचं आणि लिंबायतहून चलथाणच्या साखर कारखान्याचं गेट गाठायचं. गाठलं तर गाडी राहील, नाही तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. चलथाण बारा-तेरा किलोमीटर, गाडी देते तीन!

मिस्त्रींनी डोकं लढवलं. आठातले चार सिलिंडर बंद करून टाकले, म्हणजे पेट्रोल निम्मं. इंजिन सुरू केलं तर गाडी अशी थरथरली की आत बसलेल्या सेठचा चष्मा घसरून मिशीवर आला. सेठनी तसंच विचारलं, "अ‍ॅव्हरेज वध्युं? वाढलं?"

मी म्हटलं, "सेठ, आपण अजून गॅरेजातच आहोत!"

चारही सिलिंडर पुन्हा चालू केले. कार्बोरेटर पिळून पिळून कसंबसं पाचापर्यंत आणलं. त्यापुढे मिस्त्रींनीही हात टेकले.

*

अटीचा दिवस उजाडला. केतननं स्वतः टाकी रिकामी करून माप भरून एक लिटर ओतलं. सेठ इस्त्रीचा सफारी घालून स्टिअरिंगवर, शेजारी मिस्त्री. केतन मला घेऊन पुढे गेला आणि आम्ही कारखान्याच्या गेटाशी उभे राहिलो.

तास गेला, दोन तास गेले. केतन घड्याळ बघत होता. मी मनात म्हटलं, गेली गाडी.

तीन तासांनी वळणावर आधी शिंगं दिसली. मग दोन बैल, मग रिकामी बैलगाडी, तिच्यावर ऊसतोडीचा म्हातारा गाडीवान आणि त्याच्या शेजारी बिडी ओढत आमचे मिस्त्री. मागे जाड दोरखंड आणि दोरखंडाला ती लांबलचक गाडी! सेठ ताठ बसून स्टिअरिंग फिरवत होते. वर हॉर्नही देत होते.

गेटाशी वरात थांबली. सेठनी काच खाली केली आणि अर्धं पेट्रोल अजून टाकीत असल्याच्या थाटात मुलाला म्हणाले, "हजी अडधो लिटर बाकी छे!"

केतन बैलांकडे बघत राहिला, मग बापाकडे. मग त्यानं आपल्या छोट्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, बापाच्या गाडीचं मागचं दार उघडलं, आत बसला आणि बैल घराकडे वळवायचा हात करून गाडीवानाला म्हणाला, "काका, हवे घर तरफ लई लो!"