जवसाच्या काडीची पट्टी

माझ्या बाबांच्या उजव्या हातात, कोपर आणि मनगटाच्या मधोमध, स्टीलची एक पट्टी आहे. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी ते जिन्यावरून पडले, तेव्हा बसवलेली. हाड जुळलं, पण थंडी पडली की तो हात अजून ठणकतो. मी इथेच, रायपूरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. वनस्पतींच्या धाग्यांपासून अशी पट्टी बनवायचं आमच्या गटानं ठरवलं, तेव्हा घरी येऊन मी पहिल्यांदा बाबांनाच सांगितलं.

"कोणता धागा?" त्यांनी पेपर खाली ठेवला.

"जवसाचा. इथले लोक अलसी म्हणतात तो."

"जवसाची तर तुझी आई चटणी करते. तू हाडं जोडून राहिली?"

"दाणा नाही बाबा, काडी. स्टील हाडापेक्षा फार ताठ असतं. सगळा भार तेच उचलतं, मग खालच्या हाडाला कामच राहत नाही आणि ते कमजोर पडतं. जवसाचा धागा मजबूत असतो, पण हाडासारखा थोडा लवतो."

"म्हणजे माझं हाडही रिटायर झालं म्हण ना!" ते इतके मोठ्यानं हसले, की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

काड्या आणायला मी शहराबाहेरच्या एका गावी गेले, तर बाबा गाडीत आधीच बसलेले. शेतातल्या बाईनं दाणे झोडून घेतले होते आणि काड्यांचा ढीग जाळायला काढला होता. कशाला पाहिजेत हे मी सांगितलं. तिनं एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे पाहिलं आणि "हव, ले जाव" म्हणून स्वतःच भारे बांधून दिले.

काडीतला धागा सुटायला ती पाण्यात भिजवावी लागते. प्रयोगशाळेत जागा नव्हती. म्हणून आमच्या तात्यापाऱ्यातल्या घराच्या गच्चीवर दोन मोठे टब ठेवले. तिसऱ्या दिवशी असा वास सुटला, की आईनं गच्चीवर पापड वाळवणं बंद केलं. शेजारच्या दीदींनी खालून विचारलं, "भैया, ऊपर क्या मर गया?" पहिला टब आम्ही जास्त दिवस ठेवला आणि धागा हातातच तुटायला लागला. दुसऱ्यावर मात्र बाबांनी ड्यूटी लावल्यासारखी नजर ठेवली. सकाळ-संध्याकाळ एक काडी मोडायची, साल ओढून बघायची. एका सकाळी वरून हाक आली, "आता काढ! आता सुटून राहिला!" धुऊन, वाळवून, लाकडी मोगरीनं ठोकून काड्यांचा भुसा झाडला, तेव्हा हातात फिकट सोनेरी लांबलचक बट राहिली. मघापर्यंत नाकाला पदर लावून उभी असलेली आई पुढे आली आणि तिनं ती बट गालाला लावून पाहिली.

ते धागे रेझिनमध्ये, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवात घालून, दाबून आम्ही पट्ट्या केल्या. कोरड्या पट्ट्या छान निघाल्या. मग शरीरात असतं तशा उबदार खारट पाण्यात ठेवल्या, तर काही आठवड्यांत फुगून त्यांचे थर उकलले. पुन्हा केल्या, पुन्हा उकलल्या. धागा आधी भट्टीत आणखी वाळवून पाहिला, तरी तेच. त्या दिवशी मी एक फुगलेली पट्टी डबीत घालून घरी आणली आणि बाबांसमोर टेबलावर ठेवली.

बाबांनी चष्मा लावून ती चारही बाजूंनी पाहिली. "ही वरून नाही फुगली. बाजूनं फुगली. पट्टी कापता तुम्ही?"

"हो, मोठा तक्ता करतो आणि त्यातून कापतो."

"मग कापलेल्या कडा उघड्या ठेवता काहून? वॅगनच्या लाकडी फळीचं कापलेलं तोंड आम्ही आधी रंगवत होतो. पाणी तिथूनच शिरते. आणि हे स्क्रूचे भोक? त्याची आतली बाजूही उघडीच."

मी ताबडतोब मॅडमना, म्हणजे आमच्या गटप्रमुखांना, फोन लावला. त्या म्हणाल्या, "हे आपल्याला कसं सुचलं नाही?"

नव्या पट्ट्यांच्या कडा आणि भोकं आम्ही रेझिननं बंद केली. तेवढेच आठवडे त्या पाण्यात राहिल्या. बाहेर काढल्या तेव्हा मी एकेकीच्या कडेवरून नख फिरवलं. कुठेही अडकलं नाही.

वाकवण्याच्या चाचणीला मॅडमनी बाबांनाही बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. यंत्रानं पट्टी हळूहळू दाबायला सुरुवात केली. पडद्यावरची रेघ चढत गेली, आम्हाला हवी होती त्या खुणेपर्यंत पोचली, खुणेच्या वर गेली. मॅडमनी यंत्र थांबवून दाब सोडला आणि पट्टी पुन्हा सरळ झाली. मी काही म्हणायच्या आधीच बाबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"आता माणसाले कधी लावणार?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी खरं ते सांगितलं. अजून पुष्कळ तपासण्या आहेत, मग प्राणी, मग परवानग्या. बरीच वर्षं जातील, आणि कदाचित मध्येच कुठे अडेलही.

"जाऊ द्या वर्षं," बाबा म्हणाले. "पाण्यात तर टिकली ना!"

परतताना त्यांनी ब्राह्मणपाऱ्यात गाडी थांबवायला लावली. जलेबीवाल्यानं "कुछ खुशखबरी है क्या, अंकल?" एवढंच विचारलं आणि बाबा सुरू झाले. शेत, टब, वास, रेझिन, सगळं हिंदीत, हातवारे करून. निम्मे शब्द चुकीचे होते. मी दुरुस्त केले नाहीत. कढईतून नुकतीच निघालेली जलेबी बोटं भाजत होती, आणि रांगेतली माणसं आपली ऑर्डर विसरून माझ्या बाबांचं ऐकत होती.