सांगून गेलेल्या सुनंदा मॅडम

आज सकाळी सुनंदा मॅडम गेल्या, आणि माझी भाची पल्लवी जिवंत आहे.

या वाक्याचा दुसरा अर्धा भाग किती मोठा आहे, हे ज्याच्या घरात असं माणूस आहे त्यालाच कळेल. बाकीच्यांसाठी लिहितो.

पल्लवीने हे वाचलं आहे. काही ओळी खोडल्या, मग म्हणाली, "टाका मामा. पण माझा फोटो नका टाकू, त्यात नाक मोठं दिसते."

मॅडम सायकॉलॉजिस्ट होत्या. गोळ्या देणारे डॉक्टर वेगळे. या बोलून उपचार करायच्या.

पल्लवीचं म्हणजे असं होतं. सकाळी ज्याला देव म्हणेल, संध्याकाळी त्याचं तोंड पाहणार नाही. मैत्रिणीने फोन उचलला नाही की जग बुडालं. आणि मग जिवावर उठायची.

दुसऱ्याच्या नाही, स्वतःच्या.

दवाखान्यातून परत आणलेली पोर आहे ही.

नातेवाईक म्हणत, नाटकं आहेत. कामठीची आत्या म्हणे, "लगन करून द्या, सुधरते." एका डॉक्टरकडे तर चहा निवायच्या आत आजाराचं नाव सांगून मोकळे झाले.

सुनंदा मॅडमनी नाव सांगायला कितीतरी सिटिंग घेतल्या. शेवटी मीच वैतागलो.

"मॅडम, पोरीले झालं काय ते तं सांगा!"

"काकाजी, तिचे वाईट दिवस तुम्ही मला सगळे सांगितले. चांगल्या दिवशी कशी असते ती?"

हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

नाव ठरलं तेव्हा त्यांनी आधी पल्लवीला सांगितलं, मला नंतर. "नाव तिचं आहे, काकाजी. आणि घरच्या भांडणात ते काढायचं नाही. एकदाही नाही."

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर.

मी सातवी शिकलेला माणूस, बाकीचं सारं वाचून वाचून. हेही मोबाइलवर वाचत बसलो. जितकं वाचलं तितका घाबरलो.

मॅडम म्हणाल्या, "नेटवर आजार असतो. पल्लवी नसते."

बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक रिटायर्ड सर बसत. आपल्याविरुद्ध कोणीतरी कट करतंय, असं त्यांना कायम वाटे. त्यांच्या वेळी मॅडम दार अर्धं उघडं ठेवायच्या. जे लिहीत ते त्यांना वाचून दाखवायच्या. हे सरांनीच मला सांगितलं, तेही इकडेतिकडे पाहून.

पल्लवीला मात्र दार बंद आणि वेळ पक्की. शनिवारी अकरा म्हणजे अकरा. उशिरा आली तरी बाराला सुट्टी. "तुमच्यासारखी ढोंगी बाई पाहिली नाही" असं ओरडून निघून गेली, तरी पुढचा शनिवार होताच.

"सरांले एवढी सूट, अन् आमच्या पोरीले घड्याळ?" मी विचारलं.

"सरांना बाहेर पडायची वाट दिसली की ते बसतात. पल्लवीला मी उद्या असेन की नाही याचीच धास्ती. तिला घड्याळ लागतं."

कामठीला पॉवरलूमवर माझा जन्म गेला. कोणत्या सुताला किती ताण द्यायचा, हे हाताला कळायला वर्षं लागली. आणि सूत बिचारं चिडत नाही, रुसत नाही. ही बाई जित्या माणसांचा ताण ओळखून राहिली होती!

मी बाकावर बसून नुसता थक्क व्हायचो.

पल्लवी हळूहळू सावरली. लॅबमधली नोकरी टिकली. रुसणं राहिलं, पण जिवावर उठणं थांबलं.

आणि मॅडमना कॅन्सर निघाला. पसरलेला.

हुडकेश्वरला पल्लवी आणि मी राहतो त्या गल्लीतला एक जण कॅन्सरच्या दवाखान्यात कामाला आहे, त्याने मला सांगितलं. मी धावत गेलो.

"मॅडम, तिले नका सांगू. पोराकडे परदेशात चालली म्हणा. ती जिवाचं काही करून घेईन."

"तिची आई गेली तेव्हा तिला काय सांगितलं होतं?"

माझी बहीण गेली तेव्हा पल्लवी दुसरीत होती. घरच्या मोठ्यांनी सांगितलं, आई उमरेडला गेली, येते. मग बसचा आवाज आला की पोरगी दारात.

"म्हणजे त्याच्यानंच झालं का हे सारं?"

"नाही काकाजी, इतकं सोपं नसतं. पण पुन्हा तेच करायचं का?"

मी हात जोडले. त्यांनी ऐकलं नाही.

शनिवारी त्यांनी तिला सरळ सांगितलं. त्यावर पल्लवीने काय केलं, त्याच ओळी तिने खोडल्या आहेत.

त्यानंतरचा प्रत्येक शनिवार निरोपाचा. अंगात त्राण नव्हतं, तरी अकरा म्हणजे अकरा. राग कशाचा, भीती कशाची, हेच बोलणं. बातमी येईल त्या दिवशी कोणाला फोन करायचा. पुढे पल्लवीला पाहणार होत्या त्या नव्या मॅडमना बोलावून तिघी एकत्र बसल्या.

सरांना त्यांनी कसं सांगितलं, मला ठाऊक नाही. असं नसणार, एवढं नक्की.

शेवटच्या शनिवारी मी दारात होतो. पल्लवी सवयीने म्हणाली, "येते मॅडम."

"आज 'जाते' म्हण, पल्लवी. मी पण 'जाते' म्हणते."

आपल्यात वैऱ्याच्या घरूनही कोणी 'जातो' म्हणून निघत नाही.

"मॅडम, असं अभद्र काहून बोलता?"

"मामा, तुम्ही चूप बसा न!" पल्लवी म्हणाली. मग मॅडमकडे वळली.

"जाते मॅडम."

"जाते, पल्लवी."

दोघी रडल्या. मग मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बारा वाजले."

आज सकाळी नव्या मॅडमचा फोन आला तो मला नाही, थेट पल्लवीला. तसं ठरलंच होतं त्यांचं.

ती भिंतीला टेकून खाली बसली. इतकी मोठ्याने रडली की शेजारचे जमले.

मग तिने स्वतःहून नव्या मॅडमना फोन लावला. "मॅडम, मले आज एकटं नाही राहायचं. मामाजवळ आहे. संध्याकाळी पुन्हा फोन करते."

साठी ओलांडली माझी, पण इतकं मोठं काही मी पाहिलेलं नाही.

हे लिहितोय तेव्हा पल्लवी स्वयंपाकघरात रडून राहिली आहे आणि भातही टाकून राहिली आहे. दोन्ही एकदमच. मध्येच नाक पुसत विचारते, "मामा, वरण पातळ करू का घट्ट?"

सुनंदा मॅडम, हे तुम्हाला सांगायचं होतं.

आम्हा दोघांचे हात जोडून तुम्हाला अखेरचा नमस्कार.